सुकवणीची खोली

१

ज्या खोलीत मी लाकूड सुकवते, त्या खोलीची खिडकी बंद करायची नाही, हे आमच्या घरातल्या भिंतींनासुद्धा पाठ झालंय. तरी त्या दिवशी जेवून परत आले, तर खिडकी बंद.

मी कातीव काम करते. लेथवर लाकूड फिरवायचं आणि पटाशीनं त्याला गोलाई द्यायची. खुर्च्यांचे पाय, जिन्याचे कठडे, वाडगे, भोवरे, जे लोक सांगतील ते. घराच्या मागच्या अंगाला लांबट खोली आहे, तिच्यात लेथ. तिच्या पलीकडे आणखी एक लहान खोली, ती सुकवणीची. एका भिंतीत वर झरोका, समोरच्या भिंतीत दोन फळ्यांची खिडकी. वारा इकडून आत, तिकडून बाहेर.

या वेळचं लाकूड माझ्या घरच्याच कामासाठी होतं. आमच्या मुलीला, बबडीला, दिवस गेलेले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं आणि जावई कामानिमित्त सारखे फिरतीवर, म्हणून ती माझ्याकडे आली होती. तिच्या बाळासाठी पाळणा करायचा, आणि तो पांढऱ्या लाकडाचा, रंग न लावलेला, हे मी तिच्या आधी ठरवलं होतं.

पांढरं लाकूड फार नाटकी. झाड पडल्यावर लगेच चिरावं लागतं, मधला गाभा काढून टाकावा लागतो, कापलेल्या टोकांना मेण लावावं लागतं म्हणजे ती तडकत नाहीत. मग चौकोनी दांडे उभे करायचे, एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत, आणि पहिले काही दिवस वारा अजिबात तोडायचा नाही. लाकडात गोड रस असतो. कोंदट हवेत त्याच्यावर बुरशी धरते आणि करडा-निळा डाग आत उतरतो. तो मग कितीही तासा, जात नाही.

म्हणून माझी आग झाली. आमचे हे ओसरीवर पेपर वाचत होते. गळ्यात मफलर. यांना पंख्याच्या वाऱ्यानंही सर्दी होते.

"अहो, खिडकी तुम्ही लावलीत?"

"कुठली खिडकी?"

"कुठली म्हणजे? आपला काय राजवाडा आहे? मागची!"

"मी मागे गेलोच नाही."

"मग ती काय आपण होऊन लागली?"

"वारा आला असेल," ते म्हणाले आणि पेपर वर केला.

वाऱ्यानं खिडकी आपटते. खिटी लागत नाही. आणि खिटी लागली होती, आतून. हे मला लेथवर परत उभी राहिल्यावर सुचलं, आणि त्यांना तोंडावर सांगता आलं नाही म्हणून मी आणखी चिडले.

२

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही फळ्या सुतळीनं भिंतीतल्या खिळ्यांना बांधल्या. चांगल्या गाठी मारून. दुपारी गेले तर खिडकी बंद, आणि सुतळी गुंडाळून खिळ्याला अडकवलेली. गाठी कापलेल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. गुंडाळीही अशी व्यवस्थित, की आमच्या यांना सात जन्मांत जमणार नाही.

एवढंच असतं तर मी आरडाओरडा करून गप्प बसले असते. पण भिंतीशी उभे केलेले दांडे आता जमिनीवर होते. आडवे. एकाला एक अगदी लागून, खाली पोतं अंथरून.

मी तशीच बबडीच्या खोलीत गेले.

"तुला दांड्यांना हात लावायला कोणी सांगितलं?"

ती उशीला टेकून बसली होती. "कुठले दांडे?"

"पाळण्याचे! तुझ्याच पाळण्याचे! आडवे घालून ठेवलेस, वर खिडकी लावलीस. सडवायचेत का?"

"आई, मला खाली वाकता येत नाही. पलंगाखाली गेलेली चप्पल काढायला मी बाबांना हाक मारते. तुझे दांडे मी कशी उचलणार?"

खरं होतं ते. पण खरं असलं म्हणून राग जातो का? मी म्हटलं, "या घरात कोणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं," आणि दार आपटून आले.

दांडे परत उभे करताना दिसलं. प्रत्येकावर मधोमध एक करडा पुसट ओरखडा होता. जणू काळवंडलेलं फडकं एकदाच फिरवलंय. मी अंगठ्यानं घासला. निघाला नाही. एका रात्रीत डाग इतका खोल जात नाही, हे मला माहीत होतं. मी ते माहीत असणं बाजूला ठेवलं आणि रंधा काढला.

३

वखारवाल्याला बोलावून घेतलं. त्यानंच हे लाकूड दिलं होतं. माणूस बरा आहे, पण त्या दिवशी मला कोणीच बरं वाटत नव्हतं.

"सडकं झाड माझ्या गळ्यात मारलंत तुम्ही!"

"ताई, तुमच्या समोर चिरलं. दुधासारखं होतं. तुम्हीच हात फिरवून म्हणालात."

"मग हे काय?"

तो सुकवणीच्या खोलीत गेला. खिडकी त्या वेळी उघडी होती, मी नुकतीच उघडली होती. त्यानं झरोका बघितला, भिंतीला हात लावून ओल बघितली. "खोलीत काही खोट नाही," म्हणाला. मग एक दांडा उचलला आणि जरा थांबला. दुसऱ्या हातात घेतला. परत पहिल्या हातात.

"उन्हात ठेवले होते का?"

"उन्हात ठेवायला मी काय नवखी आहे? तडकतील ना."

"नाही, ऊब लागते हाताला. कोणाच्या तरी कुशीतून काढल्यासारखी," असं काहीतरी तो बोलला, आणि आपण काय बोललो हे ऐकून हसला. हसणं अर्ध्यावर राहिलं. दांडा त्यानं परत ठेवला तो फार जपून, आणि हात विजारीला पुसला.

"दुसरं झाड आलं की देतो तुम्हाला," म्हणाला. चहा ठेवलेला होता. थांबला नाही.

तो गेल्यावर मी दांडा हातात घेतला. गार होता. मी मनात म्हटलं, बघ, लाकूड खराब दिलंय आणि वर गोष्टी सांगतोय.

४

मी सगळे दांडे रंधून पुन्हा पांढरे केले. पाळण्याला लागतील त्याहून जाडच चिरले होते, म्हणून जमलं. मग खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. आता बघू कोण येतंय.

लेथवर एका खुर्चीचा पाय लावला होता. लेथ चालू असली की दुसरं काही ऐकू येत नाही. मोटर बंद केली, चाक घरघरत थांबलं, आणि त्या शांततेत तो आवाज आधीपासून चालू असल्यासारखा सापडला.

थप… थप… थप.

मऊ. घाई नसलेला. मला आधी वाटलं, मोरीतला नळ. जाऊन बघितलं, नळ कोरडा. मग वाटलं, लेथचा पट्टा सैल झालाय. पण लेथ तर बंद होती. मग वाटलं, आमचे हे उशी झटकतायत. पण उशी झटकणारा माणूस दोन-चारदा झटकतो आणि थांबतो.

थप… थप…

तो आवाज मला ओळखीचा होता, हेच वाईट होतं. बबडी लहान असताना माझ्याच हातातून तो रात्रंदिवस निघायचा.

मी कुलूप काढलं. आवाज कुलूप काढताना थांबला. आत कोणी नव्हतं. खिडकी लावलेली. दांडे आडवे, एकमेकांना लागून, आणि त्यांच्यावर माझा कामाचा जुना झगा. तो मी लेथच्या खोलीत खुंटीला लावते. कुलूप लावलं तेव्हा तो खुंटीवर होता का, हे मला आठवेना. झग्याच्या कडा दोन्ही बाजूंनी दांड्यांखाली नीट खोचलेल्या होत्या. फक्त एका बाजूची टोकं उघडी, ओळीनं. श्वास घ्यायला ठेवल्यासारखी.

मी घाबरले, असं आता सांगता येईल. त्या वेळी मी शिवी दिली.

५

झगा ओढून काढला तर डाग पुन्हा आलेले. आधीपेक्षा गडद. सुटा दांडा बघितला तर नुसता ओरखडा, अर्थ नसलेला. पण या वेळी मी दांडे हलवले नव्हते. ते जसे शेजारी शेजारी निजवलेले होते तसेच होते, आणि एका दांड्यावरचा ओरखडा पुढच्या दांड्यावर चालू राहत होता, तिथून त्याच्या पुढच्यावर.

सगळे मिळून एक पंजा होता.

मी माझा हात त्याच्यावर धरला. माझा हात काही लहान नाही, जन्मभर पटाशी धरलीय. तो त्या तळव्याच्या मधल्या खोलगट भागातच मावला. बोटं पार कडेपर्यंत गेली होती, आणि सगळी एकाच लांबीची होती.

माणूस अशा वेळी काय करतो ते मला माहीत नाही. मी घरात गेले आणि भांडले.

"ही कसली थट्टा? माझी किल्ली चोरता, रंग फासता! म्हातारपणी हेच उद्योग उरलेत?"

आमचे हे उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते, ते ओरडले. "दुपारभर मी केस कापायला गेलो होतो! हे बघ!" त्यांनी मान वळवून दाखवली. मानेवर पांढरी पावडर तशीच होती. "खिडकी, खिडकी, खिडकी! मेली ती खिडकी! आधी माझ्यावर घेतलंस, मग पोरीवर. उद्या पोटातल्या बाळावर घेशील!"

बबडी दारात उभी होती. पोटावर हात ठेवून. "मला तो पाळणा नको, आई," ती म्हणाली. "तू त्या दांड्यांसाठी आमच्या अंगावर येतेस. मी ह्यांना फोन करते, घेऊन जा म्हणून."

"कर! सगळ्यांनी जा!"

मला त्या दोघांचा राग होता, आणि त्यांनी काही केलं नव्हतं हे जसजसं नक्की होत गेलं तसतसा तो वाढत गेला. कारण त्यांचा राग सोडला असता, तर मग दुसरं कोण उरतं?

६

सकाळी मी पेचकस घेतला आणि खिडकीच्या दोन्ही फळ्या बिजागऱ्यांसकट काढून टाकल्या. गजही उपटले. फळ्या ओसरीवर आणून ठेवल्या, यांच्या खुर्चीसमोर. "आता लाव म्हणावं," असं मी मोठ्यानं म्हटलं. कोणाला, ते मीही विचारलं नाही. भिंतीत नुसतं चौकोनी भोक राहिलं. दांडे उभे केले, सुटे सुटे. चांगला वारा होता. त्यांच्यावरून तो जाताना दिसत नाही, पण गालाला कळतो.

दुपारी मला लेथच्या खोलीतून आत जावंसं वाटेना. म्हटलं, बाहेरून बघू. घर आणि शेजाऱ्याची भिंत यांच्या मधे एक अरुंद बोळ आहे, तिथून खिडकीसमोर जाता येतं. लख्ख ऊन होतं. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी होत होती. मी हातात पटाशी घेतली होती, आणि ती का घेतली याची मला लाजही वाटत होती.

कोपरा वळले तर मला आधी वाटलं, कोणी तरी भोकात गादी कोंबलीय. भोक भरलेलं होतं. कडेनं कागद जाईल एवढीही फट नव्हती.

मग ती गादी किंचित हलली. आवाजाबरोबर.

थप… थप…

ती पाठ होती.

कोणी तरी आतल्या अंगाला तोंड करून, पाठ वाऱ्याला देऊन खिडकीत बसलं होतं. लहान मुलाला झुळूक लागू नये म्हणून आपण बसतो तसं. माझ्या कमरेपासून वर खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत नुसती पाठ, आणि ती तिथं संपत नव्हती. खांदे आत, भिंतीच्या आड होते. न धुतलेल्या चादरीचा रंग. कापड होतं की दुसरं काही, ते मी इतक्या जवळून बघूनही सांगू शकत नाही. मणक्याची रेघ मधून जायला हवी, ती बरीच डावीकडून गेली होती.

मी एक पाऊल मागे सरले, आणि त्याच वेळी मला असा संताप आला की काय सांगू. माझी खोली. माझं लाकूड. माझा नवरा, माझी पोर, यांना मी याच्यापायी वाटेल तसं बोलले होते. आणि हे इथं बसून खुशाल थोपटतंय!

"ए!" मी ओरडले. "ऊठ तिथून! अक्कल आहे का? ते काय बा…"

"आई? कोणाशी बोलतेयस?"

बबडी. बोळाच्या तोंडाशी, एक हात भिंतीला, एक पोटावर. मला समजवायला आली असावी. तिथून तिला फक्त मी दिसत होते.

थोपटणं थांबलं.

७

माझं वाक्य तोंडात अर्धं होतं. ते काय बाळ आहे? लाकूड आहे ते, नुसतं लाकूड! हे मी म्हणणार होते. आणखी एका श्वासात म्हणून टाकलं असतं. आणि मग त्याला कळलं असतं.

पाठ सरळ व्हायला लागली होती. सावकाश. भोकाच्या कडेला पहिल्यांदा एक बारीक फट पडली. ते ऐकत होतं. माझं नाही. माझ्या मागचं. मागे माझी मुलगी चालून आल्यामुळे धापा टाकत होती, आणि तिच्या पोटात ते होतं, जे दांड्यांसारखं नव्हतं.

जन्मभर मी तोंडानं कोणाला हार गेले नाही. त्या दिवशी मी तोंड मिटलं. पटाशी पाठीमागे लपवली. आणि बबडीला झोपवताना माझा जो आवाज असायचा, तो शोधून काढला.

"थोपट," मी म्हटलं. "थोपट, बाई. अजून झोपलं नाही ते."

शेजारी कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"जागंच आहे," मी म्हटलं. "रडेल आता. थोपट."

फट मिटली. पाठ वाकली.

थप… थप…

मी मागं न बघता उलटी चालत आले. बबडीला दंडाला धरून घरात नेलं, तिची पिशवी भरली. जावई गाडी घेऊन आले तेव्हा त्यांना मी बसूही दिलं नाही. "जावईबापू, आधी निघा." बबडी रडत होती. "एवढी का नकोशी झाले मी?" तिला वाटलं, राग अजून गेला नाही. मी तिला तसंच वाटू दिलं.

आमच्या ह्यांना मात्र हाताला धरून लेथच्या खोलीत नेलं आणि ऐकवलं. त्यांनी ऐकलं. मफलर सोडला, परत गुंडाळला. मग म्हणाले, "तुझं चुकलं नव्हतं तर," आणि माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहिले.

८

पाळणा त्यांनी बाजारातून आणून बबडीकडे पोचवला. पत्र्याचा आहे. वर्षानुवर्षं लोकांच्या घरचे कठडे कातले मी, आणि माझ्या नातवाला पत्र्याचा पाळणा.

बाळ झालं त्या दिवशी मी निघाले होते. चौकापर्यंतही पोचले नसेन, आमचे हे मागून धावत आले, मफलर एका बाजूला लोंबतोय. "अगं, थांबलंय." एवढंच म्हणाले. आम्ही दोघं परत पळालो. मी सुकवणीच्या खोलीच्या दाराला तोंड लावून सांगितलं, "झोपलं नाही अजून," आणि पुष्कळ वेळ सांगत राहिले, तेव्हा कुठे आत सुरू झालं. त्यानंतर मी घर सोडलेलं नाही.

दांडे काळे पडले, वाळून हलके झाले, तसं थोपटणं विरळ व्हायला लागलं. मध्ये मोठमोठ्या जागा पडायला लागल्या. मी वखारवाल्याकडून पुन्हा पांढरं झाड घेतलं. ओलं, ताजं, रसानं जड. त्यानं काही विचारलं नाही, दारातूनच उतरवून गेला. मी दांडे चिरले आणि दार किलकिलं करून आत नीट आडवे निजवून ठेवले. तेव्हापासून असंच चाललंय. चांगलं लाकूड मी माझ्या हातानं सडवते. याचा मला किती राग येतो ते कोणाला कळणार नाही, कारण हा राग मोठ्यानं करायची सोय नाही.

आज सकाळी मी लेथच्या खोलीत नव्या दांड्यांच्या टोकांना मेण लावत होते. बबडीचा फोन आला. हात माखलेले, म्हणून कोपरानंच फोन उचलून स्पीकरवर टाकला.

"बाळानं मान धरली, आई," ती म्हणाली. आवाज संतापानं थरथरत होता, माझीच लेक. "मान धरली, आता कूस बदलेल, आणि त्याच्या आजीनं त्याचं तोंड बघितलं नाही. बाबा येतात, बघतात, तासाभरात पळतात. तू कसली गं माणूस? काय वाकडं केलंय आम्ही तुझं? उद्या मी त्याला घेऊन येतेच आहे. दार उघडणार नाहीस का?"

"नको येऊस," मी म्हटलं. "बबडे, नको. हळू बोल."

"हळू? का हळू? जगाला ऐकू दे! ऐक, हा बघ तुझा नातू…"

तिच्या ओरडण्यानं तो जागा झाला असावा. फोनमधून त्याचं रडणं आलं. पहिल्यांदाच ऐकत होते मी. भरल्या गळ्याचं, धीट, सगळी खोली भरून टाकणारं. मी मेणाच्या हातांनी फोन पोटाशी गच्च दाबला, बटण सापडेना, रडणं माझ्याच अंगातून येत राहिलं. मग बंद झालं.

सुकवणीच्या खोलीत थोपटणं थांबलं होतं.

मी दाराकडे गेले. "झोपलं नाही ते," असं म्हणायला तोंड उघडलं. आणि आतून, दाराच्या अगदी जवळून, एक आवाज आला. मांडीवरचं काही बाजूला ठेवून कोणी उठतं, तसा. एक लाकडी दांडा अलगद जमिनीवर ठेवल्याचा. मग दुसरा.